अ. पांचाळ यांचा सत्कार

एका माणसाच्या खांद्यावर शाल घालायला दीड महिना लागतो, हे मला वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी कळलं. शाल दुकानात पाच मिनिटांत मिळते. खांदा तर ज्याचा त्याच्याजवळच असतो. पण शाल आणि खांदा यांच्यामध्ये एक कमिटी असते, आणि ती कमिटी मीच बोलावली होती.

नाहूरला आमच्या नाक्यावर एक दगडी पाणपोई आहे. बैलगाड्या ठाण्याकडे जायच्या त्या काळात कुणा शेटजीने आईच्या नावाने बांधलेली. वर छोटा घुमट, चार खांब, मध्ये भिंत आणि भिंतीत दगडी गोमुख. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा यातलं काहीच दिसत नव्हतं. एका बाजूला पंक्चरवाला, दुसऱ्या बाजूला उसाचा चरक, घुमटावर केबलची भेंडोळी आणि अंगावर ऑइलपेंटचे थरावर थर. वीस वर्षं मी तिला मुतारी समजत होतो. तसं समजणारा मी एकटा नव्हतो, हे जवळून जाताना कळायचं.

मग गेल्या वर्षी गंधाली नावाची एक आर्किटेक्ट मुलगी आली. जुन्या इमारती जशा होत्या तशा करून देणं हे तिचं काम. तिने आपल्याबरोबर एक गवंडी आणला. अनंत पांचाळ. मूळचा राजापूरकडचा, आता भांडुपला राहणारा, पन्नाशीचा, बोटं चुन्याने पांढरी पडलेली. तो आठ महिने त्या पाणपोईसमोर बसला. रंगाचा एकेक थर त्याने असा काढला, जसा भाजलेल्या माणसाच्या अंगावरचा कपडा काढतात. खाली काळा दगड निघाला. दगडावर कमळं निघाली. गोमुखाला चक्क डोळे होते.

मी रोज समोर जाऊन उभा राहायचो. निवृत्त माणसाला दुसऱ्याचं काम बघण्यासारखं सुख नाही. अनंतमिस्त्री सिमेंटला हात लावत नसे. पिंपात चुना महिनाभर भिजवलेला, त्यात विटांची भुकटी, गुळाचं पाणी, उडदाचं पाणी, बेलफळाचा गर आणि मेथी. माझी बायको रुक्मिणी एकदा भाजी आणायला निघाली होती ती थांबून बघत राहिली. म्हणाली, "गूळ, मेथी, उडीद... ह्या भिंतीचा बाळंतपण झाला काय?"

"तसंच समजा काकी," अनंतमिस्त्री म्हणाला. "अशक्त आहे बिचारी."

पाणपोई तयार झाली, नवीन पाइप आतून घालून गोमुखाला पाणी आलं, फीत कापली गेली. वर्तमानपत्रात फोटो आला. फोटोत नऊ माणसं होती. अनंतमिस्त्री कात्रीचं ताट धरून उभा होता. त्याची दोन बोटं आणि ताट आलं होतं.

इथे माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मी वाचायला शिकलो बावन्नाव्या वर्षी. गिरणी गेल्यावर एका बिल्डिंगमध्ये वॉचमन लागलो, तिथे येणाऱ्याजाणाऱ्याचं नाव वहीत लिहायचं होतं, म्हणून शिकलो. आमच्याच गल्लीतल्या वसुधाबाईंनी शिकवलं. त्या शाळेत शिक्षिका होत्या. उशिरा वाचायला शिकलेल्या माणसाची एक खोड असते: तो काही सोडत नाही. औषधाच्या पाकिटावरची तारीख, टेम्पोच्या पाठीवरची शायरी, गटाराच्या झाकणावरचं साल, सगळं मी वाचतो. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या सगळ्या कोनशिला माझ्या वाचून झाल्या आहेत. प्रत्येकीवर लिहिलेलं असतं, अमुक यांच्या शुभहस्ते. शुभहस्त म्हणजे ज्या हातांना त्या कामाचं काहीही लागलेलं नसतं ते हात, हे मला दहा-बारा कोनशिलांनंतर समजलं. ज्यांच्या हाताला लागलं होतं, त्यांचं नाव एकाही दगडावर मला सापडलं नाही.

म्हणून मी अनंतमिस्त्रीला विचारलं, "तुमचं नाव कुठे आहे हो?"

"आमचं नाव मस्टरवर, काका. काम संपलं, मस्टर बंद."

"मी घालतो तुमचं नाव," मी म्हणालो. "ह्याच पाणपोईवर. सत्कार करून."

तो हसला, पण दुसऱ्या दिवशी भेटला तेव्हा म्हणाला, "घरी सांगितलं मी. आमची लेक जान्हवी विचारत होती, तारीख ठरली का."

आता मात्र सुटका नव्हती. घरी येऊन रुक्मिणीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमका कोणी सांगितला होता? गप ऱ्हवाक काय होता?"

तिचं म्हणणं ऐकलं असतं तर ही कथा इथेच संपली असती, आणि शालही वाचली असती.

आमचा ज्येष्ठ नागरिक संघ आहे. पाणपोईच्या बरोब्बर समोर त्याची खोली, आणि खोलीच्या दाराशी एक फळा. त्या फळ्यावर रोज सकाळी सात वाजता सुविचार लिहिणं हे माझं काम. सुविचार वसुधाबाई देतात, अक्षर माझं. सगळे म्हणतात छान आहे. अध्यक्ष देवव्रत कारखानीस. ते सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, पण सरकारी नोकरी त्यांच्यातून अजून निवृत्त झालेली नाही. मी विषय काढताच त्यांनी चष्मा पुसला.

"कल्पना स्तुत्य आहे, घाडी. पण नुसती पाटी लावता येत नाही. आधी ठराव. मग उपसमिती. पाटीवर मजकूर काय?"

मी मजकूर घरूनच लिहून नेला होता. एकच ओळ होती. 'ही पाणपोई अनंत पांचाळ या गवंड्याने दुरुस्त केली.'

कागद हातोहात फिरून माझ्याकडे परत आला. मला वाटलं, आवडली.

"फारच उघडं वाटतंय," कारखानीस म्हणाले.

वसुधाबाई म्हणाल्या, "गुणाजी, ओळ चांगली आहे. 'दुरुस्त'च्या जागी 'जीर्णोद्धार' करू या का? मान वाटेल." बाईंपुढे मी काय बोलणार! ज्यांनी मला 'अ' दिला त्यांच्या 'जीर्णोद्धारा'ला मी नाही म्हणू शकत नव्हतो. तिथूनच ओळ फुगायला लागली. दगड कोण लावतंय हे कळायला हवं, म्हणून वर संघाचं नाव आलं. संघ आला तर अध्यक्ष आलेच. अध्यक्षांचं नाव घालताना कारखानीस स्वतः खिडकीबाहेर बघत होते, पण आडनावातला 'नी' दीर्घ आहे याची त्यांनी दोनदा आठवण करून दिली.

मग परवानगी. मी एका ऑफिसात गेलो. कुठल्या ते सांगत नाही, कारण तिथे मला पुन्हा जावं लागणार आहे. पहिल्या खिडकीवर म्हणाले, पाणपोई म्हणजे पाणी, दुसऱ्या मजल्यावर जा. दुसऱ्या मजल्यावर म्हणाले, ही रस्त्यावर आहे, म्हणजे रस्तेवाले. रस्तेवाल्यांनी विचारलं, पाणपोई फुटपाथच्या अलीकडे की पलीकडे? मी म्हणालो, फुटपाथ तिच्यानंतर साठ वर्षांनी आला. तर म्हणाले, मग फुटपाथचा प्रश्नच नाही, ही इमारत. इमारतीच्या खिडकीवरची बाई भली होती. तिने अर्ज नीट वाचला आणि म्हणाली, "काका, सगळं बरोबर आहे. फक्त मूळ मालकाचं ना-हरकत पत्र जोडा."

"मूळ मालक शंभर वर्षांपूर्वी वारले, बाई."

"मग त्यांच्या वारसांचं."

सात फेऱ्या झाल्या. माझ्या चपलेचा अंगठा तुटला. घरी आलो की बसवत नसे. बसलो की वाटायचं, अनंतमिस्त्रीची जान्हवी तारीख विचारत असेल. उठून गॅलरीत जायचो, गॅलरीतून पाणपोई दिसायची, परत आत यायचो.

"खुर्चीत काटे आसत काय?" रुक्मिणी विचारायची. "लगीन तुमच्या चेडवाचा नाय, सत्कार दुसऱ्याचो!"

मधेच गंधालीला फोन केला, तिला निमंत्रण द्यायला. तिला फार आनंद झाला. "काका, कितीतरी वर्षांनी कुणी मिस्त्रींचं नाव काढलं! नक्की येते. फक्त एक. भिंतीला काही लावू नका हं, प्लीज."

"छे छे," मी म्हणालो. मला खरंच वाटलं की 'काही' म्हणजे पोस्टर, बॅनर, खिळे. कोनशिला ही 'काही'मध्ये येते असं माझ्या डोक्यातच आलं नाही. कोनशिला म्हणजे मान. मान कुठे भिंतीला लागतो!

सातव्या फेरीनंतर जयवंत भेटला. जयवंत नाक्यावरच्या सगळ्या कार्यक्रमांचा माणूस. गोविंदा असो, रक्तदान असो, मंडप त्याचा. त्याने माझ्या हातातला अर्जांचा गठ्ठा बघितला आणि हसत सुटला.

"काका, परमिशन कसली घेऊन बसलात? आपल्या साहेबांना बोलावू. साहेब असले की परमिशन आपोआप होते. झकास करून टाकतो."

साहेब म्हणजे कोण ते मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. ते कशाचे तरी अध्यक्ष होते आणि कशाचे तरी होणार होते. पण साहेब येणार म्हटल्यावर पाटीवर सर्वांत वर साहेब आले, 'यांच्या शुभहस्ते' घेऊन. ग्रॅनाइट एका फरशीच्या दुकानदाराने दिला, म्हणून खाली 'सौजन्य' आलं. त्याला दुकानाचा मोबाइल नंबरही हवा होता. वसुधाबाई म्हणाल्या, दगडावर फोन नंबर कोरला तर मी संघ सोडीन. तेवढं वाचलं.

पाटी कोरायला मुलुंडला दिली. कच्चा मजकूर तपासायला मी एकटाच गेलो. कोरणाऱ्याने कागदावर आखून दाखवलं: साहेब, संघ, अध्यक्ष, जीर्णोद्धार, अनंत पांचाळ, सौजन्य. कागदाच्या तळाशी बोटभर जागा उरली होती.

"इथे काही टाकायचं का?" त्याने सहज विचारलं.

आता यापुढचं मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. मी इकडेतिकडे पाहिलं. दुकानात कुणी नव्हतं. मी म्हणालो, "टाका. संयोजक, गुणाजी घाडी."

माझं नाव पहिल्यांदा मी पाटीवर लिहिलं ते बावन्नाव्या वर्षी, आणि ते वसुधाबाईंनी ओल्या फडक्याने पुसलं होतं, पुढचा शब्द लिहायला. दगडावरचं कोण पुसणार? हा विचार माझ्या मनात आला की नाही ते मी सांगत नाही. मी एवढंच सांगतो की 'घाडी'तली वेलांटी मी त्याला नीट काढायला सांगितली.

"मग वरची ओळ जरा आवळावी लागेल," तो म्हणाला.

"आवळा," मी म्हणालो. कुठली ओळ ते विचारलं नाही.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. साहेब पाचला येणार होते. जयवंतने पाणपोईसमोर स्टेज घातलं, त्यावर लाल सोफा. दोन वाजता पाटी आली, मखमलीच्या पडद्यात गुंडाळलेली. जयवंतचा माणूस ड्रिल मशीन आणि सिमेंटचं घमेलं घेऊन आला. पाटी कुठे लावायची? फोटोत यायला हवी, म्हणून गोमुखाच्या बरोबर वर. भर्रर्र आवाज झाला आणि आठ महिने ब्रशने धुतलेल्या त्या दगडात तीन भोकं पडली. सिमेंट थापलं, तीन बोल्ट बसले.

चार वाजता अनंतमिस्त्री आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसाला तेल, हात इतके घासलेले की बोटं लाल झाली होती. बरोबर कॉलेजात जाणारी त्याची मुलगी जान्हवी. त्याला कारखानिसांनी धरून सोफ्याकडे नेलं. जान्हवी मात्र सरळ पडद्याकडे गेली.

"काका, बघू का? फोटो काढून आईला पाठवते. ती ड्यूटीवर आहे."

मी मोठ्या ऐटीत पडद्याचं टोक उचललं. तिने वरून वाचायला सुरुवात केली. मी तिचे डोळे बघत होतो. ते साहेबांवरून खाली आले, संघावरून खाली, कारखानिसांवरून खाली. पार शेवटपर्यंत गेले आणि परत वर आले.

"बाबा कुठायत?"

"हे काय," मी बोट ठेवलं, आणि माझं बोट तिथेच राहिलं. ओळ होती: 'जीर्णोद्धार : अ. पांचाळ.'

"अ.?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं. मग तिने सगळ्यात खालची ओळ वाचली, संथपणे, जशी मी सुरुवातीला वाचायचो. "संयोजक, गुणाजी घाडी. हे तुम्ही ना काका?"

मी हो म्हणालो. माझ्या वेलांटीला जागा करण्यासाठी एका माणसाचं नाव एका अक्षरावर आलं होतं. 'अ' म्हणजे अशोक असू शकतो, अरविंद असू शकतो, अब्दुलही असू शकतो. माझं मात्र अगदी पूर्ण बसलं होतं.

तिने फोन पर्समध्ये ठेवला. फोटो काढला नाही.

मी काही बोलणार इतक्यात मागून जयवंत आला. "काका, सरका. पाटी हलतेय. साहेबांनी पडदा ओढला आणि पाटी पायावर पडली तर वाट लागेल आपली. ए, चौथा मार!"

चौथं भोक पडलं. ते बरोबर पाइपात पडलं.

आधी एक बारीक 'फुस्स' झालं. मग साहेबांच्या नावाच्या उजव्या टोकातून पाण्याची धार निघाली ती सरळ लाल सोफ्यावर. शंभर वर्षांत पाणपोईने कुणाला इतक्या जोराने पाणी पाजलं नसेल. पहिल्या रांगेतले ज्येष्ठ नागरिक ज्या चपळाईने उठले ती बघून मला त्यांच्या गुडघेदुखीबद्दल शंका आली. ड्रिलवाल्याने भोकावर सिमेंट थापलं, ते धारेबरोबर कारखानिसांच्या सफारीवर गेलं.

"व्हॉल्व्ह बंद करा!" गंधालीचा आवाज. ती नेमकी तेव्हाच पोचली होती.

"कुठाय व्हॉल्व्ह?" जयवंत.

"चेंबरमध्ये. इथेच समोर होता की!"

चेंबर स्टेजच्या खाली होता. स्टेजवर सोफा होता. सोफ्यावर आता कुणी नव्हतं, पण स्टेज खिळ्यांनी ठोकलेलं होतं आणि ठोकणारी माणसं दुसऱ्या मंडपाला गोरेगावला गेली होती.

गंधालीने भिंतीकडे पाहिलं, सिमेंटकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "काका, मी म्हटलं होतं, भिंतीला काही लावू नका."

मी काय सांगणार होतो? की हा मान आहे?

एवढ्यात अनंतमिस्त्री पुढे आला. त्याने इस्त्रीचा शर्ट काढला, नीट घडी घालून जान्हवीच्या हातात दिला, आणि बनियनवर स्टूल ओढून भिंतीशी गेला. बोल्ट काढले, पाटी उतरवून बाजूला टेकवली आणि भोकात अंगठा घातला. धार थांबली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मनापासून वाजलेल्या टाळ्या तेवढ्याच.

पण अंगठा काढता येईना. काढला की धार. आणि अशा अवस्थेत, सव्वासहाला, साहेब आले.

साहेबांना पुढे घाटकोपरला दुसरा कार्यक्रम होता. त्यांच्याकडे दहा मिनिटं होती. कारखानिसांनी ओल्या सफारीत माइक हातात घेतला. नियोजित कार्यक्रम हा त्यांच्या लेखी सूर्योदयासारखा होता; पाइप फुटला म्हणून तो थांबत नाही.

"आता सत्कारमूर्तींना शाल!"

साहेब स्टुलाजवळ गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या ओल्याचिंब अनंतमिस्त्रीच्या पाठीवर शाल घातली. फोटोवाला म्हणाला, इकडे बघा. अनंतमिस्त्री म्हणाला, बघता येत नाही. मग त्याने मोकळ्या हाताने शाल खांद्यावरून ओढली, तिचा एक पदर पिळला आणि अंगठ्याच्या जागी भोकात कोंबला. "चांगलं कापड आहे, साहेब," तो म्हणाला. गळती अर्धी झाली.

"श्रीफळ!"

नारळ हातात येताच त्याने दाताने शेंडी उपटली. नारळ साहेबांकडे परत दिला. शेंडी पिळून तिची दोरी केली आणि शालीच्या कडेने भोकात ठासली. गंधाली हळूच म्हणाली, "काथ्या. बरोबर." गळती पावशेर राहिली.

"सन्मानचिन्ह!"

सन्मानचिन्ह सागवानी होतं. वरच्या बाजूला निमुळतं, मशालीसारखं. अनंतमिस्त्रीने ते उलटसुलट करून पाहिलं, एवढ्या कौतुकाने की तेवढं कौतुक आजवर कुठल्याही सन्मानचिन्हाच्या वाट्याला आलं नसेल. मग ती मशाल भोकावर धरून हातोडीने दोन ठोके दिले. पाचर घट्ट बसली. पाणी पूर्ण थांबलं.

"पुष्पगुच्छ!" कारखानीस ओरडले.

"तो नको," अनंतमिस्त्री म्हणाला. "झालं काम."

साहेबांनी नारळ कारखानिसांच्या हातात दिला, "छान उपक्रम" म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. साहेब, नारळ, आणि एक पाठ.

लोक पांगल्यावर मी पाटीजवळ गेलो. अनंतमिस्त्री अंग पुसत ती वाचत होता. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, त्याला वाचायला वेळ लागला नाही. मी वाट बघत होतो की तो काही बोलेल.

"ग्रॅनाइट चांगला आहे काका," तो म्हणाला. "फुकट घालवायला नको."

"माझं चुकलं," मी म्हणालो. "नावाचं."

"राहू दे हो. तुमचं पूर्ण बसलं ना!"

तो टोमणा मारत नव्हता. तेच वाईट होतं. जान्हवी शर्ट घेऊन पाठमोरी उभी होती.

पुढचे चार रविवार अनंतमिस्त्री येत होता. चार भोकं, एक फुटलेला पाइप आणि सिमेंटचे डाग. सिमेंट दगडाला सोडत नाही, ते टाचणीएवढं टाचणीएवढं काढावं लागतं. मी त्याच्या शेजारी बसून उडीद वाटायचो. रुक्मिणी गुळाचं पाणी करून द्यायची आणि म्हणायची, "दुसरा बाळंतपण." भोकं बुजली, पण त्या जागा फिकट दिसत होत्या.

"हे असंच राहणार?" मी विचारलं. मला चैन पडत नव्हतं. मी उठून लांबून बघायचो, परत जवळ येऊन बघायचो.

"दोन पावसाळे जाऊ देत, मिसळून जाईल. पण चुन्याचं काम सिमेंटसारखं नसतं काका. लावलं आणि विसरलं, असं नाही. दरवर्षी येऊन हात फिरवायचा. हात फिरवणारं कुणी असलं, तर शंभर वर्षं राहतं."

ग्रॅनाइट त्याने शेवटच्या रविवारी बसवला. गोमुखाखाली, जिथे लोक पाणी प्यायला उभे राहतात तिथे, पायरी म्हणून. अक्षरं खाली, मातीकडे. वरची बाजू पायाखाली घसरेल म्हणून छिन्नीने टाचून खरबरीत करून घेतली. साहेब, संघ, कारखानीस, सौजन्य, अ. पांचाळ आणि मी, सगळे पालथे पडलो. वर आता रिक्षावाले उभे राहून गुळण्या करतात.

जाताना तो म्हणाला, "जान्हवी म्हणाली, काकांना सांगा, ती रागावलेली नाही." म्हणजे रागावली होती.

सोमवारी सकाळी सात वाजता मी फळ्यासमोर उभा राहिलो. वसुधाबाईंनी दिलेला सुविचार खिशात होता, परिश्रमाबद्दलच काहीतरी. मी तो खिशातच ठेवला आणि खडूने मोठ्या अक्षरात लिहिलं:

'ही पाणपोई अनंत पांचाळ या गवंड्याने दुरुस्त केली.'

साडेसातला कारखानीस आले. "घाडी, हा सुविचार नाही."

"मग काय आहे?"

"ही माहिती आहे. हा फळा सुविचाराचा आहे." त्यांनी स्वतः डस्टर घेऊन पुसलं.

मंगळवारी मी परत लिहिलं. त्यांनी परत पुसलं. बुधवारी त्यांनी संघाच्या वहीत माझ्याविरुद्ध ठराव लिहिला, आणि अनुमोदक मिळेना म्हणून मलाच अनुमोदन द्याल का विचारलं. मी सही केली. गुरुवारी परत लिहिलं. शुक्रवारी दूधवाला माझ्याआधी येऊन उभा होता. "काका, आज उशीर?" शनिवारी कारखानीस आले, उभे राहिले, त्यांनी डस्टर उचललं आणि फळ्याची चौकट तेवढी पुसून आत गेले.

रविवारी अनंतमिस्त्री पुढच्या कामावर निघाला होता. वाट वाकडी करून आला, जान्हवीला घेऊन. दोघं फळ्यासमोर उभे राहिले. तिने ओळ वाचली आणि पर्समधून फोन काढला.

"पुसतील हो काका, कुणीतरी," अनंतमिस्त्री म्हणाला.

"पुसू दे. तुम्ही वर्षातून एकदा हात फिरवता, मी रोज फिरवतो. खडू तरी काय, चुन्याचाच चुलतभाऊ."

ती फोटो काढत होती तेवढ्यात वसुधाबाई फिरायला जाताना थांबल्या. त्यांनी ओळ तपासली. जुनी सवय. सुविचाराखाली मी नेहमी बारीक अक्षरात सही करतो, तिथे त्यांची नजर गेली.

"खाली नाव नाही घातलंत आज, गुणाजी?"

"जागा नव्हती, बाई," मी म्हणालो.

फळा चार फूट रुंद आहे, आणि ओळीखालचा सगळा रिकामा होता. बाईंनी तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि चालू लागल्या.

आता हे लिहितोय तर बाहेर थोडं भुरभुरतंय. फळ्यावरचं पत्र्याचं छप्पर एका कोपऱ्यात गळतं. रुक्मिणी म्हणते, बसा जरा, चाय पिया. पिईन. आधी एकदा बघून येतो.